अंगकोरचे पाणी आणि पो मूची वलये

अवर्षण आणि दुष्काळ हे दोन शब्द आपण बहुधा एकाच अर्थाने वापरतो. खरे तर त्यांत फरक आहे. पाऊस न पडणे हे अवर्षण. त्यापायी धान्य महागणे, गुरे विकावी लागणे, गाव सोडावे लागणे, माणसे मरणे हा दुष्काळ. जुन्या साधनांत या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत, कारण बखरकार असो, शिलालेख कोरवून घेणारा राजा असो की दंतकथा सांगणारी म्हातारी, प्रत्येक जण भुकेची आठवण ठेवतो. पाऊस किती इंच पडला याची नोंद कोणी ठेवलेली नसते. त्यामुळे एखादे राज्य ‘दुष्काळाने बुडाले’ असे वाक्य वाचले की त्यात पावसाचा वाटा किती आणि माणसांचा किती, हे ठरवायला हाती काही नसते.

गेल्या काही दशकांत यातला पावसाचा भाग स्वतंत्रपणे तपासायची एक सोय झाली आहे. ती सोय जुन्या झाडांच्या लाकडात आहे. व्हिएतनामच्या डोंगरातली एका जातीची झाडे आणि कंबोडियातले अंगकोर नगर यांची जी सांगड २०१० साली घातली गेली, ती या विषयातली एक गाजलेली घटना. झाडाची साक्ष कोठवर पुरते आणि कोठे संपते, हे त्या प्रकरणात चांगले दिसते.

शिलालेख थांबतात तेथे

ख्मेर साम्राज्याची राजधानी अंगकोर नवव्या शतकापासून वाढत गेली. दुसऱ्या सूर्यवर्म्याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात अंगकोर वाट उभारले. त्या शतकाच्या अखेरीस सातव्या जयवर्म्याने अंगकोर थोम हे तटबंदीचे शहर वसवले. देवळांची छायाचित्रे आपण सगळ्यांनी पाहिलेली असतात. पण या नगराचे खरे वैशिष्ट्य म्हणजे त्याचे पाणी. कालवे, बांध, खंदक आणि ‘बाराय’ नावाचे अवाढव्य आयताकृती तलाव यांचे जाळे सुमारे हजार चौरस किलोमीटरवर पसरले होते. एकटा पश्चिम बाराय आठ किलोमीटर लांब आणि दोन किलोमीटरांहून अधिक रुंद आहे. त्याची क्षमता सुमारे पाच कोटी घनमीटर धरली जाते. आपल्या खडकवासला धरणात मावते जवळपास तेवढे पाणी, आणि तेही मातीचे बांध घालून अडवलेले. भरभराटीच्या काळात या नगरात सात ते नऊ लाख माणसे राहत असावीत, असा अलीकडचा अंदाज आहे.

१२९६ साली चिनी शिष्टमंडळाबरोबर आलेला चौ ता-कुआन तेथे वर्षभर राहिला. वर्षातले सहा महिने पाऊस पडतो आणि सहा महिने अजिबात पडत नाही, असे त्याने नोंदवले. वर्षातून तीन-चार पिके निघतात, असेही लिहिले. म्हणजे मोसमी पाऊस आणि साठवलेले पाणी या दोहोंवर नगर उभे होते. फ्रेंच पुरातत्त्वज्ञ बर्नार-फिलिप ग्रोलिए याने म्हणूनच त्याला ‘जलनगर’ म्हटले.

यानंतर मात्र लिखित साधने आटत जातात. अंगकोरचा शेवटचा कालनिर्देश असलेला संस्कृत शिलालेख १३२७चा. ताडपत्रांवर जे लिहिले गेले असेल ते त्या हवेत टिकले नाही. पुढची ठळक तारीख येते ती १४३१ची. सयामच्या अयुथ्याने त्या सुमारास अंगकोर घेतले, असे पुढच्या काळातल्या बखरी सांगतात, आणि राजधानी दक्षिणेला नोम पेन्हच्या बाजूला सरकली. अंगकोर वाट कधीच पूर्ण ओसाड पडले नाही. १८६० साली ऑंरी मूओ हा फ्रेंच निसर्गअभ्यासक तेथे पोचला, तेव्हाही तेथे बौद्ध भिक्षू राहत होते. पण लाखोंची वस्ती गेली होती. १३२७ आणि १४३१ या शंभर वर्षांत काय झाले, याचे उत्तर नुसत्या स्वारीत शोधणे अनेक अभ्यासकांना अपुरे वाटत होते. पाण्याचा संशय होता. पुरावा नव्हता.

ढगात राहणारे झाड

पुरावा मिळाला तो अंगकोरपासून सुमारे पाचशे किलोमीटर पूर्वेला, दक्षिण व्हिएतनामच्या डोंगराळ भागात. तेथल्या दा लात शहराचे पठार अलेक्सांद्र येर्सिन याने १८९३ साली पाहिले आणि पुढे फ्रेंचांनी तेथे थंड हवेचे ठिकाण वसवले. हाच येर्सिन १८९४ साली हाँगकाँगला प्लेगचा जंतू शोधणारा, आणि १८९७च्या साथीत लस-द्रव्य घेऊन मुंबईला आलेला. दा लातजवळच बिदूप नुई बा हे राष्ट्रीय उद्यान आहे. बिदूपचे शिखर २,२८७ मीटर उंच. त्याच्या उतारांवर जे जंगल आहे त्याला मेघवन म्हणतात.

मेघवन म्हणजे ढग ज्याच्या उंचीवर नेहमी येऊन टेकतात असे डोंगरी जंगल. आंबोलीला किंवा महाबळेश्वरला पावसाळ्यात गेलेल्याला याची थोडी कल्पना असते: पाऊस थांबलेला असतो, तरी पानांवरून थेंब गळत राहतात. ते थेंब धुक्याचे असतात. पाने, फांद्या, शेवाळ धुके गाळून घेतात आणि ते पाणी खाली मातीत उतरते. शिवाय हवा इतकी ओली असते की पानांतून पाणी उडून जाण्याचा वेग मंदावतो. आपल्याकडे हे प्रामुख्याने पावसाळ्यापुरते. खऱ्या मेघवनात कोरड्या महिन्यांतही ढग झाडांच्या मदतीला येतात.

बिदूपच्या या जंगलात फोकिएनिया वंशाचे एक सूचिपर्णी झाड वाढते. चीनच्या फुकिएन प्रांतावरून वंशाला हे नाव पडले. व्हिएतनामी लोक त्याला ‘पो मू’ म्हणतात. सरूच्या कुळातले हे झाड हळू वाढते आणि शेकडो वर्षे जगते. लाकूड सुवासिक, हलके आणि न कुजणारे. उत्तर व्हिएतनाममध्ये घरांच्या छपरांना त्याच्या फळ्या घालतात. संशोधकांना त्यात रस वाटला तो दुसऱ्या कारणाने. उष्ण कटिबंधातल्या बहुतेक झाडांत वर्षाची वलये स्पष्ट दिसत नाहीत. थंडीच्या देशात हिवाळा झाडाची वाढ थांबवतो आणि वर्षाची रेघ आपोआप आखली जाते. विषुववृत्ताच्या जवळ अशी सक्तीची सुट्टी नसते. पो मूमध्ये मात्र वलये आहेत, आणि ती वाचता येतात. कारण मोसमी प्रदेशातला कोरडा काळ तेथे हिवाळ्याचे काम करतो.

लाकडात तहान कशी उमटते

सालीच्या आत पेशींचा एक अगदी पातळ थर असतो. त्याला ऊतककर म्हणतात. झाडाची जाडी वाढते ती या थरामुळे. तो आतल्या बाजूला लाकडाच्या पेशी घालत जातो. नवी पेशी जन्मते तेव्हा तिची भिंत मऊ असते आणि आतल्या पाण्याच्या दाबाने ती फुग्यासारखी फुगते. पुरेशी फुगल्यावर भिंत जाड आणि कडक होते, पेशी मरते, आणि तिची पोकळ नळी पाणी वर नेण्याच्या कामी येते. म्हणजे लाकूड ही मेलेल्या नळ्यांची मोळी आहे, आणि प्रत्येक नळीचा आकार ती फुगत होती त्या दिवसांतल्या पाण्यावर ठरलेला आहे.

अवर्षणात पहिली अडचण येते ती येथेच. पानांत अन्न तयार होणे पूर्ण थांबण्याच्या बऱ्याच आधी पेशी फुगणे थांबते, कारण फुगायला दाब लागतो आणि दाबाला पाणी. त्या वर्षी पेशींच्या रांगा कमी भरतात, पेशी लहान राहतात, भिंती तुलनेने जाड होतात. भिंगाखाली ते वलय अरुंद आणि गडद दिसते. फारच वाईट वर्ष असेल तर खोडाच्या काही बाजूंना वलय भरतच नाही. उलट, मध्येच पाऊस खंडून पुन्हा आला तर एकाच वर्षात दोन वलयांचा भास होतो.

रुंद पानांच्या झाडांत पाणी वाहण्याची सोय निराळी असते. साग घेतला तर त्याच्या आडव्या कापावर उघड्या डोळ्यांनाही बारीक छिद्रांची रांग दिसते. त्या वाहिन्या. हंगामाच्या सुरुवातीच्या वाहिन्या मोठ्या, नंतरच्या लहान. नळीतून किती पाणी वाहील हे तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असते: त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाह सोळावा हिस्सा उरतो. म्हणून थोडीशी रुंद नळीही झाडाला फार फायद्याची. पण रुंद नळीत धोकाही असतो. पाणी वर ओढले जाते ते ताणाखाली. माती सुकली की ताण वाढतो आणि पाण्याच्या सलग धाग्यात हवेचा बुडबुडा शिरून तो तुटतो. ती नळी निकामी होते. पुष्कळ झाडे कोरड्या वर्षी अरुंद वाहिन्या घडवतात. कमी पाणी वाहील, पण धागा टिकेल. पो मूसारख्या सूचिपर्णी झाडांत मोठ्या वाहिन्या नसतातच. त्यांच्या अरुंद पेशी एकमेकींना बारीक खळग्यांनी जोडलेल्या असतात आणि त्या खळग्यांत झडपेसारखा पडदा असतो. हवा शिरलीच तर पडदा एका बाजूला चिकटतो आणि शेजारची पेशी वाचते.

ढगात राहणाऱ्या झाडाला अवर्षण कशाला जाणवेल, असा प्रश्न येथे पडतो. उत्तर त्याच्या सवयीत आहे. डोंगरउतारावर मातीचा साठा थोडा. झाडाचा भरवसा रोजच्या ओलाव्यावर. एप्रिल-मे महिन्यांत मोसमी पाऊस लांबला आणि ढगही विरळ झाले, तर वाढीच्या ऐन सुरुवातीला पेशींना पाणी मिळत नाही. पो मूची वलये या मार्च ते मे महिन्यांशी सर्वांत चांगली जुळतात, असे आढळले. ही मर्यादा लक्षात ठेवायला हवी. हे झाड बारा महिन्यांचे पर्जन्यमान सांगत नाही. पावसाळा वेळेवर लागला की नाही आणि त्याआधीचा उन्हाळा किती कडक होता, हे सांगते.

साडेसात शतकांची साक्ष

वलये वाचण्यासाठी झाड पाडावे लागत नाही. सुताराच्या गिरमिटासारखे पण आतून पोकळ असे एक हत्यार खोडात पिळत नेतात आणि पेन्सिलीहून बारीक कांडी बाहेर काढतात. कांडी घासून गुळगुळीत केली की वलये मोजता येतात. पण नुसते मोजणे पुरत नाही, कारण काही वलये गायब असतात आणि काही खोटी. म्हणून पुष्कळ झाडांच्या कांड्या शेजारी ठेवून अरुंद-रुंद वलयांचा क्रम जुळवतात. एका झाडात चुकलेले वर्ष दुसऱ्यात सापडते. ही पद्धत अमेरिकेतल्या अँड्र्यू डग्लस या खगोलशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ केली; तो खरे तर झाडांत सूर्यावरील डागांचे चक्र शोधत होता. तरुण झाडाची वलये रुंद आणि म्हाताऱ्याची अरुंद असतात, तोही फरक गणिताने काढून टाकावा लागतो. मग अलीकडच्या दशकांतल्या हवामान-नोंदींशी वलये ताडून पाहतात, आणि जुळणी बसली तर तोच हिशेब मागे नेतात.

कोलंबिया विद्यापीठाच्या लॅमॉन्ट-डोहर्टी वेधशाळेतील ब्रेंडन बकली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिदूपच्या पो मूंवर हे काम केले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात १२५० ते २००८ अशी ७५९ वर्षांची मालिका होती. तिच्यात चौदाव्या शतकाच्या मध्याला, साधारण १३४५ ते १३७५च्या दरम्यान, दीर्घ कोरडा काळ दिसला. पंधराव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत दुसरा; तो लहान, पण त्यातली काही वर्षे पहिल्याहून कडक. या दोहोंच्या आगेमागे काही वर्षे नेमकी उलट, अतिवृष्टीची.

अंगकोरच्या जमिनीवर याला जोड मिळाली. नगराच्या दक्षिणेकडच्या एका कालव्यात पुराने वाहून आणलेल्या जाड वाळूचा थर भरलेला सापडला. स्पेअन थ्मा नावाचा एक दगडी पूल आज नदीकाठी कोरडा उभा आहे. तो जुन्या देवळांचे दगड वापरून बांधलेला आहे. नदीने नंतर त्याला वळसा घातला आणि आपले पात्र कित्येक मीटर खोल कापत नेले. यावरून जे चित्र तयार झाले ते असे: लांबलेल्या अवर्षणात पाण्याचे जाळे कोरड्याला जुळवून घेतले गेले, मग अचानक मोठे पूर आले आणि शतकानुशतके वाढत गेलेल्या, गुंतागुंतीच्या, दुरुस्तीला अवघड झालेल्या त्या व्यवस्थेचे धागे एकामागून एक तुटले. बकली यांनी स्वतः हवामानाला अनेक कारणांपैकी एक कारण म्हटले होते. वर्तमानपत्रांनी मात्र ‘दुष्काळाने अंगकोर बुडवले’ असा मथळा पसंत केला.

गाळाची उलटतपासणी

२०१९ साली डॅन पेनी आणि सहकाऱ्यांनी वेगळा साक्षीदार उभा केला: अंगकोर थोमच्या खंदकातला गाळ. माणसे जंगल तोडतात, शेती करतात, आगी पेटवतात, माती उघडी पाडतात. या सगळ्याचे कण, कोळसा आणि परागकण खंदकाच्या तळाशी वर्षानुवर्षे साचत जातात. त्या थरांवरून असे दिसले की नगराच्या मध्यभागातली वर्दळ चौदाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांपासूनच ओसरू लागली होती. म्हणजे पो मूच्या वलयांतला पहिला मोठा कोरडा काळ सुरू होण्याआधीच माणसे, निदान वरच्या वर्गातली माणसे, निघून जाऊ लागली होती.

यामुळे झाडांची साक्ष खोटी ठरली नाही. पाऊस झाडांनी सांगितला तसाच वागला असणार. पण क्रम बदलला. माणसे आणि राजाश्रय कमी झाल्यावर बांध-कालव्यांची देखभाल कोणी करायची? गाळ काढायला, फुटलेला बांध भरायला हजारो हात लागतात. ते हात आधीच कमी झालेल्या नगरावर अवर्षण आले, मग पूर आले. तेच अवर्षण दोनशे वर्षांपूर्वी आले असते तर नगराने कदाचित निभावून नेले असते. सागरी व्यापार वाढत होता आणि सत्तेचे केंद्र दक्षिणेला, नदीमार्गांच्या जवळ सरकत होते, हेही इतिहासकार सांगतात. यातले काहीही वलयात उमटत नाही.

बेडूक कोणी मारला?

मेघवनातल्या लाकडाने दुसऱ्या एका प्रकरणात साक्ष दिली आहे, आणि तेथे तिने एक सर्वमान्य होऊ घातलेली कथा मोडली. मध्य अमेरिकेतल्या कोस्टारिकामध्ये माँटेव्हेर्दे हे प्रसिद्ध मेघवन आहे. तेथे झळझळीत सोनेरी रंगाचा एक भेक राहत असे. जगात इतरत्र कोठेही तो नव्हता. १९८७ साली विणीच्या हंगामात दीड हजारांवर सोनेरी भेक दिसले. १९८८ साली मोजके. १९८९ साली एक नर दिसला आणि त्यानंतर एकही नाही. पृथ्वी तापल्याने ढग वर सरकले, जंगल सुकत गेले आणि भेक संपला, असे स्पष्टीकरण पुढे आले.

हे तपासायला तेथे हवामानाच्या दीर्घ नोंदी नव्हत्या आणि झाडांत वलयेही नव्हती. केव्हिन आंचुकाइटिस आणि मायकेल इव्हान्स यांनी वलयांवाचून वर्षे मोजली. लाकडात ऑक्सिजन असतो, आणि त्यात जड व हलक्या अणूंचे प्रमाण झाडाने प्यालेल्या पाण्याप्रमाणे बदलते. पावसाळ्यातल्या जोरदार सरींचे पाणी हलके. कोरड्या हंगामातल्या धुक्याचे जड. खोडातून सालीपासून गाभ्याकडे सलग बारीक चकत्या काढल्या तर हे प्रमाण लाटेसारखे चढते-उतरते, आणि एक लाट म्हणजे एक वर्ष. अशा रीतीने शंभरेक वर्षे वाचल्यावर त्यांना जंगल सतत सुकत चालल्याचा कल आढळला नाही. आढळले ते एल निन्योमुळे १९८६-८७ साली आलेले फार कोरडे दिवस. अशी वर्षे मेघवनाने पूर्वीही पाहिली होती. मग त्या वेळी नवीन काय होते? उभयचरांच्या कातडीवर वाढणारी एक बुरशी त्या काळात जगभर पसरत होती, आणि कोरड्या दिवसांत मोजक्या डबक्यांत गर्दी केलेल्या भेकांत ती झपाट्याने फैलावली असावी, असे आता मानले जाते. याचा अर्थ तापमानवाढीचा मेघवनांना धोका नाही, असा कोणी काढू नये. एवढाच अर्थ की, अवर्षण हजर होते म्हणून गुन्हा त्याचाच, असे ठरत नाही.

दुर्गादेवी, १८७६ आणि १९७२

आता आपल्याकडे वळू. ग्रँट डफने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात १३९६ साली सुरू झालेल्या आणि दंतकथेप्रमाणे बारा वर्षे टिकलेल्या दुर्गादेवीच्या दुष्काळाची हकीकत दिली आहे. मुलूखच्या मुलूख ओसाड पडले आणि पुढे तीस वर्षांहून अधिक काळ गोदावरी आणि कृष्णेच्या मधल्या प्रदेशातून वसूल जेमतेम येत होता, असे तो सांगतो. ‘बारा वर्षांचा दुष्काळ’ हा कथांतला ठरीव आकडा आहे, म्हणून शंका घेणे रास्त. पण बस्तरमधल्या दंडक गुहेतल्या एका चुनखडी स्तंभाचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. गुहेत ठिबकणाऱ्या पाण्यातल्या ऑक्सिजनवरून इसवी सन ६०० ते १५०० पर्यंतच्या मोसमी पावसाचा अंदाज त्यात बांधला होता. चौदाव्या शतकात आणि पंधराव्याच्या पूर्वार्धात मध्य भारतावरचा मोसमी पाऊस पुन्हा पुन्हा, आणि सलग वर्षे, क्षीण झाल्याचे त्यात दिसते. बिदूपचे पो मू तहानलेले होते तोच हा काळ. दुर्गादेवीच्या कथेमागचे अवर्षण खरे असावे, असे म्हणायला आता आधार आहे. ओसाड मुलखाचे सगळे माप त्यावर टाकता येईल का, हा प्रश्न मात्र उरतोच. त्या काळातली बहमनी-विजयनगरची युद्धे, सारा आणि स्थलांतर यांचा हिशेब गुहा देत नाही.

आपल्या झाडांचे काय? पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील गोविंद बल्लभ पंत आणि हेमंत बोरगावकर यांनी १९८३ सालीच ठाणे भागातल्या सागाच्या वलयांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. पुढे बोरगावकर आणि सहकाऱ्यांनी केरळातल्या जुन्या सागांवरून १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची मालिका तयार केली. एल निन्योची आणि तुटीच्या पावसाची वर्षे सागाच्या वाढीत उमटतात, हे त्यातून दिसले. दुर्गादेवीपर्यंत पोचायला ही मालिका ८५ वर्षांनी कमी पडते.

२०१० सालीच एडवर्ड कुक आणि सहकाऱ्यांनी आशियाभरच्या ३२७ वृक्षमालिका एकत्र करून सात शतकांचा अवर्षणांचा नकाशासंग्रह काढला. त्यात चार मोठी अवर्षणे ठळक झाली: चीनमधल्या मिंग घराण्याच्या अखेरचे १६३८-४१चे, १७५६-६८चे, १७९०-९६चे आणि १८७६-७८चे. यातले दुसरे पाहिले की मराठी वाचकाला लगेच पानिपत आठवेल. तो मोह आवरलेला बरा. दोन तारखा जवळ आल्या म्हणून कार्यकारण सिद्ध होत नाही, हे अंगकोरच्या गाळाने शिकवले आहे.

चौथ्या अवर्षणाबद्दल मात्र आपल्याकडे भरपूर कागद आहेत, आणि झाड काय सांगू शकत नाही ते त्या कागदांत दिसते. १८७६ साली दख्खनवर पाऊस पडला नाही, ही आकाशातली गोष्ट. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत लिटनचा दरबार भरला. गव्हाची निर्यात चालू राहिली. रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामांवरच्या माणसाची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे इतकी खाली आणली, आणि मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी काम सोडून निषेध केला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारला अहवाल धाडले. सत्यशोधक समाजाने धनकवडीला मुलांसाठी अन्नछत्र चालवले. सावित्रीबाई फुल्यांनी एप्रिल १८७७मध्ये ओतूरहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात तेथली दैना आहे. १८८०च्या दुष्काळ आयोगाच्या अंदाजाने नुसत्या ब्रिटिश मुलखात पन्नास लाखांहून अधिक माणसे मेली. या सगळ्या गोष्टी जमिनीवरच्या.

आता १९७२ घ्या. तेही एल निन्योचे वर्ष, आणि महाराष्ट्रात पाऊस त्याआधीपासूनच दगा देत होता. विहिरी आटल्या, पिके गेली, गुरे मोठ्या संख्येने मेली. पण सरकारने रस्ते, पाझर तलाव, बांधबंदिस्ती यांची कामे काढली. १९७३च्या मे महिन्यात जवळजवळ पन्नास लाख माणसे त्या कामांवर होती. वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीच्या कल्पनेला याच काळात बळ आले आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. त्या कामांवरचे हाल, खडी फोडणाऱ्या बायकांचे सोललेले हात, सुकडीच्या रांगा हे सगळे आपल्या साहित्यात आले आहे. तरीही १८७६सारखी भूकबळींची रास लागली नाही. एखाद्या सागात १८७६चे आणि १९७२चे वलय सारखेच अरुंद सापडेल. झाडाला या दोन वर्षांत फरक दिसणार नाही. माणसाच्या दृष्टीने तो लाखो जिवांचा फरक आहे.

म्हणून पो मूच्या वलयांचा खरा उपयोग मला असा वाटतो: ती अवर्षणाचा वाटा बाजूला काढून देतात. तो निश्चित कळला की उरलेल्या वाट्याचा जाब राजाला, सरकारला, व्यापाऱ्याला, समाजाला विचारता येतो. जोवर दोन्ही एकाच शब्दात गुंडाळलेले राहतात, तोवर सगळा दोष आभाळावर ढकलण्याची सोय असते. लिटनच्या काळातल्या अधिकाऱ्यांनी ती सोय वापरली आणि आजही ती वापरली जाते.

ही साक्ष फार काळ उपलब्ध राहील, अशी खात्री नाही. पो मूच्या सुवासिक लाकडाला मागणी मोठी आहे. हे झाड आज धोक्यात आलेल्या जातींच्या जागतिक यादीत आहे. आपल्याकडे तीन-चारशे वर्षांचा साग बहुतेक ठिकाणी जहाजांत, रेल्वेत आणि वाड्यांत संपून गेला. जुन्या वाड्यांच्या तुळया आणि खांब पाडकामाच्या वखारींत पडतात आणि रंधा मारून नव्या फर्निचरला जातात. त्यांची वलये जिवंत सागांच्या मालिकेशी जुळवता आली, तर मधली ८५ वर्षे भरून निघण्याची शक्यता आहे. त्यासाठी तुळईचे एक टोक, चार बोटे जाडीची चकती, रंध्याखाली जाण्याआधी कोणी तरी बाजूला ठेवायला हवी.